गोष्ट की माहिती? वाचनतासाच्या नोंदी

सहा-सात वर्षांच्या मुलांना कल्पित पुस्तक आणि माहितीपर पुस्तक यांतला फरक ओळखता यावा, एवढंच काम हाती घेतलं आहे. हेच करायला निघालेल्या इतरांचे काही तास वाचावेत म्हणून नोंदी ठेवत आहे. आठवड्यात दोन वाचनतास, वर्गात पुस्तकांचं एक कपाट. काही मुलं सलग वाचतात, काही अजून अक्षराला अक्षर जोडत वाचतात.

३ जुलै

आधी कपाट रिकामं केलं आणि सगळी पुस्तकं जमिनीवर मांडली. मुलांना शिकवण्याआधी आपल्याला तरी ती वेगळी करता येतात का ते बघावं, म्हणून. गोष्टींचा ढीग गुडघ्यापर्यंत आला, माहितीचा जेमतेम वीतभर. मुलांना फरक कळत नाही यात नवल नाही, दुसरा प्रकार त्यांनी फारसा हाताळलेलाच नाही. अमेरिकेत नेल ड्यूक यांनी पहिलीच्या २० वर्गांचं निरीक्षण करून २००० साली निष्कर्ष छापले होते: माहितीपर मजकुराच्या वाट्याला दिवसाला सरासरी ३.६ मिनिटं. आमच्या कपाटाचा हिशेब त्याहून बरा निघेल असं वाटत नाही.

तिसरा ढीग आपोआप झाला. बडबडगीतं, कोडी, अक्षरओळख, लोककथा, थोरांची चरित्रं, आणि पाण्याचा थेंब स्वतःची हकिगत सांगतो त्या धर्तीची पुस्तकं. लोककथा कुठे ठेवायच्या म्हणून ग्रंथालयांची पद्धत पाहिली तर घोळ आणखी वाढला. मेल्व्हिल ड्यूई यांनी १८७६ साली छापलेल्या दशांश वर्गीकरणाची जी पद्धत आज चालते, तिच्यात लोककथा ३९८.२ या क्रमांकाखाली येतात, म्हणजे समाजशास्त्रांच्या रांगेत. बोलणारा कोल्हा तिथे शिक्षण आणि व्यापार यांच्या पुस्तकांपासून फार लांब नाही. ग्रंथपालाच्या दृष्टीनं ते योग्यच आहे, पण पहिलीच्या वर्गात ते समजावण्याच्या भानगडीत कुणी पडू नये. लोककथा सरळ गोष्टींत टाकल्या.

हे सगळं तासात होईल असा अंदाज होता. मधली सुट्टीही त्यातच गेली.

७ जुलै

दोन खोकी. हिरव्यावर ‘खरं’ लिहिलं, लाल्यावर ‘खोटं’. जोडीला एक पुस्तक द्यायचं, त्यांनी चाळायचं आणि बरोबर वाटेल त्या खोक्यात ठेवायचं.

लगेच वाद सुरू झाले. एका मुलीकडे सशाचं पुस्तक आलं होतं, वाचून वाचून पानं सुटलेलं. ती लाल खोक्यापर्यंत गेली आणि पुस्तक पोटाशी धरून तिथेच उभी राहिली. “बाई, हे खोटं नाहीये.” का गं? “कारण मला माहितीये ना तो कुठे राहतो!” जोडीदारानं पुस्तक ओढलं, मुखपृष्ठ निम्म्यापर्यंत फाटलं. तेवढ्यात मागच्या रांगेतून शंका आली: खोटं बोलायचं नसतं, मग लेखक इतकं खोटं छापतात कसे?

लाल खोकं त्यांच्या लेखी शिक्षेचं खोकं झालं होतं. आवडतं पुस्तक तिथे कोण टाकेल? तास संपला तेव्हा लाल खोक्यात कुणालाच न आवडणारी चार पुस्तकं होती, त्यातलं एक वनस्पतींची माहिती देणारं.

१० जुलै

पाट्या बदलायच्याच होत्या, पण त्याआधी जुन्या पाट्यांना आणखी एक धक्का बसला. सूर्यमालेचं जुनं पुस्तक आहे, त्यात नऊ ग्रह. एका मुलानं पान उघडून बोट ठेवलं: “आठ असतात. हे खोटंय.” आणि पुस्तक लाल खोक्यात.

त्याचं म्हणणं चूक नाही. प्लूटोचा शोध १९३० साली लागला, पुढे अनेक दशकं तो नववा ग्रह म्हणून छापला गेला आणि २००६ साली आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्र संघटनेनं त्याला बटुग्रहांत ढकललं. पुस्तक त्याआधीचं. ज्यानं लिहिलं त्यानं त्या वेळी जे माहीत होतं ते सांगितलं. माहिती शिळी झाली म्हणून पुस्तकाची गोष्ट होत नाही. आणि उलटही खरं आहे: सशाच्या गोष्टीत ससा गवत खातो हे वाक्य अगदी बरोबर आहे, म्हणून ते पुस्तक माहितीचं होत नाही.

खरं-खोटं ही फूटपट्टी इथे लागूच होत नाही हे या पुस्तकामुळे मला पुरतं पटलं. त्या मुलाला पुस्तकात चिठ्ठी चिकटवायला सांगितलं: ‘आता आठ’. त्यानं खाली आपलं नाव आणि तारीखही घातली. पुस्तक माहितीच्या खोक्यात परत गेलं.

१४ जुलै

नव्या पाट्या: ‘रचलेली गोष्ट’ आणि ‘माहिती’. लाल रंग काढला. पिवळा आणि निळा, ज्यांना चांगलं-वाईट असा अर्थ चिकटलेला नाही.

न वाचणाऱ्या मुलांसाठी पाटीवर चित्रं काढली होती, गोष्टीसाठी जादूची कांडी आणि माहितीसाठी भिंग. दोन्ही फसली. कांडी बघून मुलांनी फक्त पऱ्या आणि जादूगार असलेली पुस्तकं त्या खोक्यात टाकली, शाळेत जाणाऱ्या मुलाची गोष्ट बाहेरच राहिली. भिंग बघून एक गुप्तहेर उंदीर थेट माहितीत गेला, कारण त्याच्या हातात भिंग होतं! चित्रं पुसली. नुसता रंग आणि शब्द. ज्यांना वाचता येत नाही ते रंगावर चालतात, काही अडत नाही.

१७ जुलै

नियम दिला: फोटो असतील तर माहिती, हातानं काढलेली चित्रं असतील तर गोष्ट. मोठा तक्ता करून भिंतीवर लावला. मुलं खूश, मीही खूश. सगळी खोकी झटपट भरली आणि बहुतेक पुस्तकं जागच्या जागी गेली.

२१ जुलै

तक्ता काढला.

डायनोसॉरच्या पुस्तकानं घात केला. पानोपानी रंगवलेली चित्रं, म्हणून अख्ख्या वर्गानं ते एकमुखानं गोष्टींत टाकलं. डायनोसॉरचे फोटो का नाहीत, असं विचारलं. “तेव्हा बॅटरी संपली असेल.” मग सांगावं लागलं की पक्षी सोडले तर बाकी सगळे डायनोसॉर सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी संपले आणि आज टिकून असलेला सगळ्यात जुना कॅमेऱ्याचा फोटो जेमतेम २०० वर्षांचा आहे. मग चित्रकारानं चित्र कसं काढलं? हाडांवरून. आणि रंग? बहुतेकांचा अंदाजानं. “म्हणजे रंग रचलेला,” असं एक जण म्हणाला आणि त्याला काय उत्तर द्यावं ते मला लगेच सुचलं नाही. चांगल्या पुस्तकांत हे लिहिलेलं असतं, की इतकं कळलं आहे आणि एवढा अंदाज आहे. आमच्या पुस्तकात नव्हतं.

दुसऱ्या बाजूनंही नियम तुटला. एका पुस्तकात कापडी अस्वलाला बाकावर, झाडाखाली, गादीवर बसवून फोटो काढलेत आणि त्याची गोष्ट केली आहे. सगळे फोटो खरे, अस्वलाचं रुसणं रचलेलं. शिवाय शरीराच्या आत काय असतं, ज्वालामुखीच्या पोटात काय असतं, हे दाखवायला माहितीची पुस्तकंसुद्धा चित्रंच काढतात.

हेच काम करणाऱ्यांना माझं सांगणं: हा नियम देऊच नका. लवकर फळ देतो म्हणून मोह होतो. शिकायला त्यांना एक तास लागला आणि डोक्यातून जायला महिना. ऑगस्टअखेरीसही दोघं-तिघं पुस्तक उघडून आधी फोटो शोधत होती.

२४ जुलै

आता चित्रांकडे न बघता आत काय लिहिलंय त्याकडे वळलो. प्रश्न ठेवला: असं होऊ शकतं का? मी मोठ्यानं वाचणार, मुलांनी पिवळा किंवा निळा कागद वर धरायचा.

प्राणी बोलतात, झाड चालतं, चंद्र खाली उतरतो: सगळे पिवळे. छान.

मग अष्टपादाचं पान. त्याला तीन हृदयं असतात आणि त्याचं रक्त निळं असतं. पिवळे. प्लॅटिपस अंडी घालतो आणि पिल्लांना दूधही पाजतो. पिवळे, वर हशा. उत्तर अमेरिकेतला एक रानबेडूक हिवाळ्यात गोठतो, त्याचं हृदय थांबतं आणि थंडी ओसरली की तो पुन्हा उड्या मारू लागतो. यावर तर एक मुलगी रागावलीच: “बाई, काहीही सांगता!”

मग एका मुलीची छत्री हरवते ती साधी गोष्ट वाचली. रस्त्यात शोधते, मित्राला विचारते, शेवटी छत्री वर्गातच सापडते. एकूण एक निळे कागद. का? “माझी पण हरवली होती.”

म्हणजे आमचा प्रश्न दोन्ही टोकांना पडला. जग फार विचित्र आहे आणि गोष्टी पुष्कळदा फार साध्या असतात. मूल ‘होऊ शकतं का’ हे स्वतःच्या अनुभवावर तोलतं, आणि सहा वर्षांचा अनुभव तो केवढा! गोठणाऱ्या बेडकापेक्षा बोलणारा बेडूक त्यांच्या जास्त ओळखीचा आहे.

२८ जुलै

छत्रीचीच गोष्ट पुन्हा घेतली. एक वाक्य वाचून थांबले. छत्री हरवल्यावर मुलगी घरी जायला घाबरते आणि मनातल्या मनात काय बोलायचं ते जुळवते, तिथे. विचारलं, “तिच्या मनातलं लेखकाला कसं कळलं?”

शांतता. मग:

“तिनं सांगितलं असेल.”

कुणाला?

“लेखकाला. भेटली असेल.”

“ए, पण तिचं आडनावच नाहीये पुस्तकात.”

“बाई, लेखकानंच ती मुलगी केलीय. म्हणून त्याला सगळं माहितीये.”

हे शेवटचं वाक्य ज्या मुलानं म्हटलं तो एरवी तासाला खिडकीबाहेर बघत असतो. मी ते फळ्यावर जसंच्या तसं लिहिलं.

लगेच अष्टपादाचं पान काढलं आणि तोच प्रश्न. तीन हृदयं आहेत हे लेखकाला कसं कळलं? “कापून बघितलं.” “दुसऱ्या पुस्तकात वाचलं.” “समुद्रात जाणाऱ्या माणसाला विचारलं.” तिन्ही उत्तरं चालण्यासारखी. महत्त्वाचं हे, की कुणीही ‘लेखकानं केलं’ असं म्हटलं नाही.

तेव्हापासून आमचा एकच प्रश्न आहे: हे लेखकाला कसं कळलं? बघून, मोजून, विचारून, वाचून कळलं असेल तर निळं. त्यानंच मनानं केलं असेल तर पिवळं. अद्भुत आहे की साधं, चित्र आहे की फोटो, याच्याशी संबंध नाही. सगळा जुलै या प्रश्नापर्यंत यायला गेला. तुम्ही इथूनच सुरुवात करा.

३१ जुलै

त्याच प्रश्नावर सराव. एवढंच.

४ ऑगस्ट

पुस्तक कसं वापरतात यावरूनही फरक कळतो, म्हणून आज अनुक्रमणिका. जोडीला माहितीचं एक पुस्तक आणि चिठ्ठीवर एक प्रश्न: हत्तीचे दात कुठल्या पानावर? पहिल्या पानापासून न वाचता शोधायचं.

मुलांना हा खेळ फारच आवडला. मधूनच पुस्तक उघडायला परवानगी आहे हेच त्यांना नवीन होतं. मग तेच गोष्टीच्या पुस्तकाशी करून पाहिलं: मधलं पान वाचलं आणि विचारलं, हा कोण, का रडतोय? कुणाला सांगता येईना. गोष्टीला सुरुवातीपासून बसावं लागतं, माहितीत कुठूनही शिरता येतं. (प्रत्येक वेळी नाही, पण या वयाला इतकं पुरे.)

अडचणी दोन. पहिली पानांच्या आकड्यांची. काही पुस्तकांत देवनागरी आकडे आहेत, काहींत आंतरराष्ट्रीय. ५ आणि ६ यांत गल्लत करणारी मुलं इथे अडली, त्यांच्या जोडीला आकडे पक्के असलेलं मूल दिलं.

दुसरी शेवटच्या शब्दसूचीची. सूचीचा तास मी वेगळा आखला होता, तो रद्द केला. वर्णमाला पाठ असणं वेगळं आणि तिच्या क्रमानं शब्द शोधणं वेगळं. ‘अंडी’ ‘अजगर’च्या आधी की नंतर, बाराखडी कुठे संपते आणि पुढचं अक्षर कुठे सुरू होतं, यात मोठी माणसंही चाचपडतात. त्यात ‘क्ष’ एका पुस्तकात शेवटी आणि दुसऱ्यात ‘क’च्या पोटात. पहिलीसाठी अनुक्रमणिका बस्स झाली.

७ ऑगस्ट

आता तिसऱ्या ढिगातलं थेंबाचं पुस्तक. पाण्याचा थेंब स्वतःबद्दल सांगतो, समुद्रातून निघायला रडतो, ढगात त्याला मैत्रीण भेटते. मध्येच उन्हानं पाण्याची वाफ होते, वर थंडावा लागून तिचे थेंब बनतात, ते जड झाले की पाऊस पडतो, हे सगळं ठीकठाक सांगितलेलं. वर्ग दुभंगला. दोन्ही बाजू जोरात, दोन्ही बरोबर.

तिसरं खोकं ठेवलं: ‘मिसळलेलं’. रंग हिरवा, कारण पिवळा आणि निळा मिसळला की हिरवा होतो. ही युक्ती मुलांना स्वतःलाच सुचली, श्रेय माझं नाही.

११ ऑगस्ट

आज सगळीच पुस्तकं हिरव्या खोक्यात. कुणी चूक काढू शकत नाही ना, मग सुरक्षित जागा तीच. छत्रीची गोष्टसुद्धा मिसळलेली, कारण “त्यात पाऊस खरा आहे.”

अट घातली. हिरव्यात टाकायचं असेल तर दोन पट्ट्या लावून आणायच्या. पिवळी तिथे, जिथे लेखकानं मनानं केलंय. निळी तिथे, जिथे तो आपल्याला काही शिकवतोय. दोन्ही दाखवता आल्या तरच हिरवं. रंगीत कागदाच्या बोटभर पट्ट्या कापून वाटीत ठेवल्या.

खोकं लगेच ओसरलं. छत्रीच्या पुस्तकात निळी पट्टी कुठे लावायची ते त्या जोडीला सापडेना. पाऊस आहे, पण पावसाबद्दल काही शिकवलेलं नाही. तेच म्हणाले, “मग पिवळंच.” थेंबाच्या पुस्तकात मात्र एका पानावर दोन्ही पट्ट्या आल्या. ओळ एकच: थेंब ‘अरे वा’ म्हणतो आणि वाफ होऊन वर जातो. मुलीनं त्या ओळीच्या निम्म्यावर पिवळी चिकटवली आणि पुढच्या निम्म्यावर निळी, शब्द झाकले जाऊ नयेत म्हणून अगदी कडेला. या सगळ्या कामातलं माझं सगळ्यात आवडतं पान ते आहे.

डिंक वापरू नका. पट्ट्या सुटत नाहीत, पान फाटतं. पान दुमडून खाच करायची आणि पट्टी नुसती अडकवायची.

१४ ऑगस्ट

चरित्र. तेनसिंग नोर्गे आणि एडमंड हिलरी २९ मे १९५३ रोजी एव्हरेस्टवर पोचले, ते मुलांना वाचून दाखवलं. कागद: जवळपास सगळे पिवळे. नायक आहे, संकट आहे, शेवटी जिंकतो, म्हणजे गोष्टच की. हे अपेक्षित होतं. आमचा नेहमीचा प्रश्न विचारला. लेखकाला कसं कळलं? “त्यांनी खाली येऊन सांगितलं.” “फोटो काढला.” कागद निळे होऊ लागले.

इथे एक मजेदार गाठ पडली. शिखरावरचा प्रसिद्ध फोटो तेनसिंगचा आहे, तो हिलरींनी काढला. शिखरावर उभ्या हिलरींचा फोटोच नाही. हे ऐकल्यावर फोटोवाला नियम मनात जपून बसलेला एक मुलगा उठला: “म्हणजे हिलरी चढलेच नाहीत!” मग सगळ्यांनी त्याला समजावलं, की फोटो काढणारा फोटोत कसा येईल? तोही मागे हटेना: खालून मोठा झूम करून कुणी काढला असेल तर? हिलरींनी शिखरावरून खाली चहूबाजूंचे फोटो घेतले होते, वर पोचल्याचा पुरावा म्हणून, हे सांगितलं तेव्हा तो बसला. खऱ्या घटनेलाही पुरावा लागतो आणि तो फोटोच असला पाहिजे असं नाही, हे त्या वादात निघालं. मी ठरवून आणलं असतं तर इतकं जमलं नसतं.

चरित्रं निवडताना जपून. मुलांसाठीच्या कितीतरी चरित्रांत नायकाचे लहानपणीचे संवाद घातलेले असतात, जे कुणी ऐकून टिपलेले असणं शक्यच नाही. अशी पुस्तकं हिरव्या खोक्याची. एका सहकारी बाईंना हे पटलं नाही, थोरांच्या चरित्राला ‘रचलेलं’ कसं म्हणायचं म्हणून. पूर्ण पुस्तकाला म्हणत नाही, त्या संवादाला म्हणतो, असं सांगितलं. अजून पटलेलं नाही.

१८ ऑगस्ट

लेखनाकडे. एकाच विषयावर प्रत्येकानं दोन छोटी पुस्तकं करायची, एक रचलेलं, एक माहितीचं. विषय मुंगी, कारण ती कुठेही सापडते.

कागद तीनदा दुमडून मधोमध कात्रीनं चीर दिली की आठ पानांचं पुस्तक होतं, ही नेहमीची पद्धत. मुलांच्या हाती कात्री दिली आणि निम्म्यांनी चीर कडेपर्यंत नेली, कागदाचे दोन तुकडे. पुढच्या वेळी चिरा घरूनच देऊन आणायच्या.

जे लिहून झालं त्यात माहितीची पुस्तकं पडेल. ‘मुंगी माझी मैत्रीण आहे. मुंगी शाळेत जाते.’ चित्रांत मुंगी दोन पायांवर उभी, फ्रॉक घातलेली, हसरी. पिवळं पुस्तक आणि निळं पुस्तक यांत फरक फक्त मुखपृष्ठाच्या रंगाचा!

कारण उघड आहे. मुंगीबद्दल त्यांच्याकडे गोष्टी होत्या, माहिती नव्हती. लेखकाला कसं कळलं असं दिवसरात्र विचारत होतो आणि स्वतः लेखक झाल्यावर त्यांना कळायला मी काही वावच दिला नव्हता.

२१ ऑगस्ट

तास वर्गाबाहेर. भिंग आणि पाटी घेऊन भिंतीच्या कडेला मुंग्यांच्या रांगेपाशी उकिडवं बसायचं. बघायचं, मोजायचं, आणि जे दिसलं तेवढंच टिपायचं.

पायांवरून भांडण. आठ, चार, सहा. मुंगी थांबत नाही, मोजणार कसे? एका मुलीनं वाळलेल्या पानावर मुंगी घेतली आणि पान हळूहळू फिरवत राहिली. सहा. बाकीच्यांनी तेच करून खात्री केली. दोन मुंग्या समोरासमोर आल्या की मिशा लावतात हेही बऱ्याच जणांनी टिपलं. रांगेवर बोट घासलं तर मुंग्या गडबडतात, हे एकानं करून पाहिलं. मुंग्या वासाच्या खुणा सोडत जातात आणि मागच्या त्या हुंगत येतात, ही माहिती त्यावर मी पुरवली, आणि ती पुस्तकातून कळली असं आवर्जून सांगितलं.

२५ ऑगस्ट

निळी पुस्तकं पुन्हा केली (चिरा देऊन आणल्या होत्या). आता प्रत्येक पानाच्या खाली बारीक अक्षरात कसं कळलं ते लिहायचं: ‘बघितलं’, ‘मोजलं’, ‘बाईंनी सांगितलं’, ‘पुस्तकात’. ज्या पानाखाली काही लिहिता येत नाही ते पान काढायचं. फ्रॉकवाली मुंगी बहुतेकांनी आपणहून पिवळ्या पुस्तकात हलवली.

एकाचा प्रश्न: गोष्टीतल्या मुंगीला चार पाय काढले तर चालतील का? वर्गाचं मत चालतील असं पडलं. एक जण मात्र अडून बसली, की गोष्टीतली झाली तरी मुंगी ती मुंगी, सहाच पाहिजेत. तिनं सहाही पायांत बूट काढले.

ज्यांचं लिहिणं कच्चं आहे त्यांनी तोंडी सांगितलं आणि मी लिहून घेतलं. यात वेळ फार जातो. वर्ग मोठा असेल तर हे दोन तासांत वाटून घ्या, नाहीतर मुलं कंटाळतात.

२८ ऑगस्ट

पालकांपैकी एकांची तक्रार: मुलगी झोपताना गोष्ट ऐकत नाही, सारखं ‘हे तुला कसं कळलं’ विचारते. त्यांना सांगितलं की ‘मी केलं’ हे उत्तर पूर्ण चालतं, ते दिलं की ती पुढे ऐकेल. दोन दिवसांनी निरोप आला, ऐकते आहे.

१ सप्टेंबर

पडताळा. कुणी न पाहिलेली पुस्तकं बाहेरून मागून आणली, मुखपृष्ठं आणि पाठराखण कागदानं झाकली. जोडीत नाही, एकेकट्यानं. खोकं निवडायचं आणि कारण सांगायचं. खोकं बरोबर आणि कारण ‘फोटो आहेत’, तर ते मी धरलं नाही.

बहुतेकांना जमलं. जमलं नाही ते ठराविक ठिकाणी. एक, पद्यात लिहिलेली माहिती. पक्ष्यांच्या घरट्यांवरचं यमकांचं पुस्तक जवळपास सगळ्यांनी पिवळ्यात टाकलं, कारण गाणं म्हणजे गंमत. असं आम्ही एकही पुस्तक आधी घेतलं नव्हतं. दोन, ‘मी’ असं म्हणणारं माहितीचं पुस्तक, जिथे एक संशोधक स्वतः सांगते की ती बर्फात कशी राहिली. बोलणारा थेंब आणि बोलणारी संशोधक यांत काही मुलांनी फरक केला नाही. तीन, व्हिडिओ. हा पडताळ्यात नव्हता, पण एकानं विचारलं की बोलणारं मांजर त्यानं स्वतः बघितलंय, तर ते निळं का नाही? ‘बघितलं’ हे कारण आम्हीच शिकवलं होतं. कुणी बघितलं आणि कुणी बनवलं हे व्हिडिओच्या बाबतीत कसं विचारायचं, यासाठी वेगळे तास लागतील.

४ सप्टेंबर

खोकी काढून तिन्ही रंगांचे ठिपके पुस्तकांच्या कण्यावर चिकटवले, पुस्तकं कपाटात रंगाप्रमाणे परत. ठिपके मुलांनीच ठरवले. वाद झालेल्या पुस्तकांवर ठिपका पेन्सिलीचा, म्हणजे बदलता येतो.

निळा कप्पा अजून अर्धा रिकामा आहे. नवीन पुस्तकं मागवताना यादीत पद्यातली माहिती आणि प्रथमपुरुषी माहिती आधी घातली आहे. व्हिडिओचे तास सत्र संपायच्या आत बसवायचे आहेत. त्यासाठी मांजरवाला व्हिडिओ त्या मुलाकडून मागवला आहे.